आकाशमार्गींचा पुण्यसंचय

पुण्यपत्तनाचा आकाशमार्गाशीं संबंध लोहगांवच्या तळापासून आला, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तो त्याहून जुना होय. 15 ऑक्टोबर 1932 रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपालाचें पहिलें विमान आणलें. मुंबईस जुहूचा तळ म्हणजे समुद्रकांठची सखल जमीन. पावसाळ्यांत ती पाण्याखालीं जाई, आणि मग हा सगळा संसार घाट चढून आमच्या येरवड्यास येई. तेथें तुरुंगाच्या छायेंतील एका मैदानावर विमानें उतरत. त्या विमानांत मान असे तो पत्रांना. परंतु ‘आपण वारंवार येतां, तेव्हां ही घ्या आमची भेट,’ असें त्या पत्रांना कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

आज लोहगांवीं उभें राहून पाहिलें म्हणजे काळ किती पालटला तें ध्यानांत येतें. 10 मार्च 2024 रोजीं उद्घाटन होऊन त्याच वर्षीं जुलैपासून वापरांत आलेली नवी इमारत प्रशस्त आहे. धांवपट्टी मात्र वायुदलाच्या तळाचीच, आणि तीही सुमारें अडीच हजार मीटरांची. युरोप-अमेरिकेस थेट जाणारें विमान येथून नाहीं. तिकडच्या उतारूंनीं एक तर रात्रीं मोटारीनें मुंबई गांठावी, नाहीं तर दिल्लीस जाऊन पुढचें विमान धरावें. रांगेंतील मंडळींत दोन वर्ग सहज ओळखूं येतात. एक, पाठीवर संगणकाची पिशवी घेतलेले, दर पंधरवड्यास दिल्ली-बंगळूरला जाणारे नोकरदार. दुसरे, सुनेच्या बाळंतपणासाठीं किंवा नातवाच्या ओढीनें निघालेले आजी-आजोबा, ज्यांच्या पेटींतली भाजणी आणि लोणचें कांट्यावर हटकून किलोभर जास्त भरतें. या दोन्ही वर्गांत बोलणें मात्र एकच ऐकूं येतें: “माइल्स जमा झाले का?”

हे माइल्स म्हणजे काय, याची घराघरांतून नीट फोड झालेली दिसत नाहीं. मूळ कल्पना अमेरिकेंतली. 1978 सालीं तेथील सरकारनें विमानभाड्यांवरचें नियंत्रण काढलें, कंपन्यांत चुरस लागली, आणि गिऱ्हाईक आपल्याच दाराशीं बांधून ठेवण्याची युक्ति शोधणें भाग पडलें. टेक्सस इंटरनॅशनल या कंपनीनें 1979 मध्यें मैल मोजून बक्षीस देण्यास आरंभ केला. 1 मे 1981 रोजीं अमेरिकन एअरलाइन्सनें तीच योजना मोठ्या प्रमाणावर काढली, आणि कांहीं दिवसांतच युनायटेडही त्या वाटेनें गेली. आपल्याकडे एअर इंडियानें 1994 मध्यें ‘फ्लाइंग रिटर्न्स’ सुरू केली. 2025 पासून तिचें नांव ‘महाराजा क्लब’ असें झालें आहे. इंडिगोची ‘ब्लूचिप’ 2024 मधली.

प्रारंभीं मैल हा खरोखरच मैल होता. जितकें अंतर उडालां, तितके गुण. पुढें कंपन्यांच्या लक्षांत आलें कीं, सहा महिने आधीं स्वस्त तिकीट काढणारा आणि आयत्या वेळीं चौपट पैसे मोजणारा, दोघांना सारखेंच पुण्य लागतें. हा न्याय त्यांना परवडेना. 2015 सालीं डेल्टा व युनायटेड यांनीं, आणि एप्रिल 2024 पासून एअर इंडियानें, अंतराऐवजीं खर्चलेल्या रुपयांवर गुण देण्याची पद्धति धरली. त्यामुळें काटकसरीनें तिकीट काढणाऱ्या आजोबांच्या पदरीं पूर्वीपेक्षां कमी पडतें, आणि ज्यांचें भाडें कचेरी भरते त्यांच्या पदरीं जास्त.

या गुणाची किंमत काय? शाळेंतल्या मुलालाही करतां येईल असें हें गणित आहे. समजा, एका तिकिटाचे रोख रुपये 6,000 आहेत. तेंच तिकीट 10,000 गुण व करांचे 1,000 रुपये देऊन मिळतें. म्हणजे 10,000 गुणांनीं 5,000 रुपये वांचविले. गुणाला पन्नास पैसे. पुढल्या वर्षीं कंपनीनें त्याच तिकिटास 20,000 गुण मागितले, कीं तोच गुण पंचवीस पैशांचा झाला. कंपनी ही टांकसाळ, आणि नाण्याचा भाव ठरविणारीही तीच! अशा नाण्याचा सांठा करणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं.

टांकसाळ हा शब्द आम्ही अलंकार म्हणून योजलेला नाहीं. विमानकंपन्या हे गुण बँकांना विकतात, आणि बँका ते क्रेडिट कार्डावर खर्च करणाऱ्यांस वांटतात. 2020 मध्यें महामारीनें विमानें जमिनीवर बसलीं, तेव्हां युनायटेडनें आपली गुणयोजनाच तारण ठेवून 680 कोटि डॉलर उभे केले. ज्या कार्डाच्या थकबाकीवर दरमहा शेंकडा तीन-साडेतीन व्याज चढतें, त्याच्या नादीं फुकट तिकिटासाठीं लागणें म्हणजे लोणच्याच्या फोडीसाठीं आंबराई गहाण टाकणें होय. 1999 मध्यें कॅलिफोर्नियांतील एका अभियंत्यानें मात्र कंपन्यांवरच बाजी उलटविली. पुडिंगच्या वेष्टनांबद्दल मैल मिळत असल्याचें पाहून त्यानें सुमारें 3,140 डॉलरांत 12,150 डबे घेतले, पुडिंग धर्मादाय संस्थांना दिलें, चिठ्ठ्या सोडविण्याचें काम तेथल्याच स्वयंसेवकांकडून करून घेतलें, आणि साडेबारा लक्ष मैल मिळविले. दानाचें पुण्य तें निराळें!

परंतु मुख्य प्रश्न स्वत्वाचा आहे. आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ होते. दोघे मुलगे अमेरिकेंत. पंधरा वर्षांत उभयतां आठ-दहा वेळां जाऊन आलीं. प्रत्येक खेपेचे गुण ते एका वहींत टिपून ठेवीत. नातवाच्या मुंजीस सर्वांना याच गुणांवर पुण्यास आणावयाचें, असा त्यांचा बेत. मुंज ठरण्यापूर्वींच ते वारले. त्यांच्या पत्नीनें कंपनीस पत्र लिहविलें. उत्तर आलें कीं, गुण ही सभासदाची मालमत्ता नव्हे. सभासदाबरोबर खातेंही संपलें. बाईंनीं तक्रार केली नाहीं. एवढेंच म्हणाल्या, “मग इतकीं वर्षें हे वहींत काय लिहीत होते?”

विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत स्वत्वाचा कीस काढला आहे; पण दिलें म्हणावें आणि दिलेलें नसावें, असा हा प्रकार त्याच्याही समोर आला नसेल. गीतेच्या नवव्या अध्यायांत पुण्य सरल्यावर स्वर्गांतून परतणाऱ्यांचें वर्णन आहे. त्यांनीं निदान स्वर्ग भोगलेला असतो. येथें मुदत टळली कीं भोगण्यापूर्वींच क्षय. कांहीं कंपन्या वारसांस गुण देतात, कांहीं देत नाहींत. ती अट सभासद होतांनाच वाचून घ्यावी. कुटुंबाचें सामाईक खातेंही कांहीं ठिकाणीं असतें. ब्रिटिश एअरवेजनें त्यासाठीं सर्वांचा पत्ता एकच असला पाहिजे असा नियम केला. एका चुलीचें कुटुंब लंडनच्या कंपनीस कळलें म्हणावयाचें! सभासद होण्यास पैसे पडत नाहींत, तेव्हां जरूर व्हावें. आणि एका तिकिटापुरते गुण जमले कीं तें काढून मोकळें व्हावें.

फिरतीच्या मंडळींना आणखी एक सोय ठाऊक असावी. एअर इंडिया 11 जुलै 2014 पासून स्टार अलायन्स या संघांत आहे. म्हणून मुंबईहून लुफ्तान्सानें फ्रांकफुर्टमार्गें गेलेल्यासही गुण एअर इंडियाच्या खात्यावर मागतां येतात. पांच खात्यांत पांच चिमटी ठेवण्यापेक्षां एकांत मूठ असलेली बरी.

बायकांच्या खात्यांत घोटाळा होतो तो नांवाचा. लग्नांत नांव बदलण्याच्या आपल्या चालीमुळें पासपोर्टावर एक नांव, आधार कार्डावर दुसरें, आणि मुलानें घाईनें उघडलेल्या खात्यावर ‘आई’ला हांक मारण्याचें तिसरेंच! संगणकास हें नातें कळत नाहीं, आणि गुण अधांतरीं राहतात. खात्यावर पासपोर्टावरचेंच नांव अक्षरशः घालावें. आणि विमानांत शिरतांना दाखवावयाचा बोर्डिंग पास, गुण जमा झालेले दिसेपर्यंत, देव्हाऱ्याच्या खणांत ठेवावा. राहिलेले गुण मागण्यास ठराविक मुदत असते, व त्या वेळीं पुरावा म्हणून प्रथम तोच मागतात.