सामाईक मावळती

कोकणात सूर्यास्त शोधावा लागत नाही. डहाणूपासून रेडीपर्यंत आणि पुढे गोव्यातही सगळी भूमी पश्चिमेकडे तोंड करून बसलेली आहे. वर्षातली कुठलीही संध्याकाळ घ्या, सूर्य समुद्रातच उतरणार. सूर्य तोच, पाणी तेच. तरीही हरिहरेश्वरची संध्याकाळ वेगळी, हर्णैची वेगळी, आणि रत्नागिरीच्या खाडीवरची तर अगदीच निराळी. हा वेगळेपणा आकाशातून येत नाही. तो येतो आपण उभे असतो त्या जमिनीतून.

आधी कड्यांकडे जाऊ. राजापूर तालुक्यातल्या कशेळीला सडा, म्हणजे कातळाचं पठार, समुद्रापाशी येतो आणि एकाएकी तुटतो. वर जांभ्याचा तांबडा कातळ, खाली देवघळीची एवढीशी पुळण, आणि दोन्हींच्या मध्ये सरळ उतरलेला कडा. कड्यावर उभं राहिलं की क्षितिज लांब जातं. पुळणीवर उभ्या माणसाला ते साधारण पाच किलोमीटरांवर दिसतं. ५० मीटर उंचीच्या कड्यावरून ते पंचवीस किलोमीटरांच्याही पलीकडे सरकतं. त्यामुळे खालच्या माणसाचा सूर्य बुडाल्यावरही वरच्याला तो चाळीसेक सेकंद जास्त मिळतो. एवढ्या वेळात शेवटची तांबडी कड नीट डोळ्यांत भरून घेता येते.

कशेळीला आणखी एक गोष्ट आहे. गावात कनकादित्याचं मंदिर आहे, म्हणजे चक्क सूर्याचं. शिलाहार राजा दुसरा भोज याचा ११९१ सालचा ताम्रपट या गावाच्या नावाने ओळखला जातो. गुजरातेकडून आलेल्या गलबतातली मूर्ती इथल्या घळीत ठेवली गेली आणि कनका नावाच्या भक्त स्त्रीने तिच्यासाठी मंदिर उभारलं, अशी आख्यायिका गावात सांगतात. ज्या गावाने सूर्याला घर दिलं, त्याच गावाच्या कड्यावरून तो रोज समुद्रात उतरताना पाहायचा. रथसप्तमीला इथे मोठा उत्सव असतो, पण एरवीच्या साध्या संध्याकाळीही देवळात जाऊन मग कड्याकडे चालत यावं. सूर्याला आधी नमस्कार आणि मग निरोप, हा क्रम मनाला पटतो.

हरिहरेश्वरला कडा समुद्राला अगदी बिलगून आहे. देवळामागून प्रदक्षिणेची वाट डोंगराला वळसा घालत खडकांवर उतरते. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने तिथल्या दगडाला जाळी पाडली आहे. सूर्य कलला की तिरपा उजेड त्या जाळीत शिरतो. प्रत्येक भोकाच्या एका कडेला सोनेरी रेघ उमटते आणि आत काळोख राहतो. ही वाट ओहोटीलाच धरायची. भरतीत तिच्या नादाला लागणं जिवावर बेततं, म्हणून आधी गावात विचारावं आणि सांगतील ते ऐकावं.

ओहोटी-भरतीचं गणित किनाऱ्यावरची माणसं तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण हाती येते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. मासेमाराला हे गणित होडीसाठी लागतं. पाहुण्याने ते सूर्यास्तासाठी वापरून बघावं. अष्टमीच्या संध्याकाळी पाणी पुळणीवर चढलेलं असतं, लाटा सुरूच्या बनाजवळ येतात आणि सूर्य पाण्याच्या गाजेत मावळतो. पौर्णिमेला नेमकं उलट. ऊन उतरायच्या सुमारास ओहोटी लागलेली असते. गुहागरसारख्या लांब, सपाट पुळणीवर पाणी मागे सरताना ओल्या वाळूचा एवढा मोठा आरसा मागे ठेवतं की आकाश दोनदा दिसतं. आणि त्याच वेळी पाठीमागे, माडांच्या शेंड्यांवर, चंद्र उगवत असतो.

त्या संध्याकाळी समजतं की सूर्यास्ताला पाठही फिरवावी लागते. समोरचं बिंब डोळ्यांना ओढून घेतं, पण त्याचा उजेड कुठे पडतो ते मागे वळल्याशिवाय दिसत नाही. माडांची खोडं तांबडी होतात. जांभ्याचा गडगा आतून पेटल्यासारखा दिसतो. ओढून ठेवलेल्या होडीचा निळा रंग दिवसभर विटका वाटतो, तो आता उजळतो. सूर्याकडे पाहताना आपल्याला सूर्य दिसतो. गाव दिसतं ते गावाकडे पाहिल्यावर.

हर्णैचं बंदर मला यासाठीच फार प्रिय आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, पलीकडे आंजर्ल्याच्या डोंगरावर कड्यावरचा गणपती. दुपार कलली की बोटी लागतात, मासळीच्या टोपल्या किनाऱ्यावर येतात, लिलाव सुरू होतो. बोली चढत असते, कोळणी हिशेब करत असतात, बर्फ फुटत असतो, पोरं पायांत घोटाळत असतात. सूर्य किल्ल्याच्या बाजूने उतरतो आणि कुणालाही थांबायला वेळ नसतो. तरी एखादी बाई टोपली उचलताना क्षणभर पश्चिमेकडे पाहते, उजेड किती उरलाय याचा अंदाज घेते आणि हात भराभर चालवते. सूर्यास्ताचा इतका खरा उपयोग पाहिला की आपणही त्याच्याकडे अधिक आदराने पाहतो.

खाडीवरची संध्याकाळ मात्र संथ असते. रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या उंचवट्यावरून भाट्याची खाडी समुद्राला मिळताना दिसते. खाडीचं पाणी ऊन हळूहळू सोडतं. समुद्र काळवंडला तरी तिचा वाकडा पट्टा उजळ राहतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. १९१६ मध्ये राजा इथेच वारला. त्याचं मंडाले समुद्रापासून दूर, इरावतीच्या काठी. नदीकाठी वाढलेल्या माणसाने तीस वर्षं परक्या समुद्रात उतरणारा सूर्य पाहिला. आपण तिथे उभे राहतो तेव्हा आपली सुट्टी असते, परतीचं तिकीट खिशात असतं. त्याच्याकडे ते नव्हतं, ही आठवण ठेवून तिथली संध्याकाळ पाहावी.

हवाही निवडावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत क्षितिजावर बाष्पाचा आणि धुळीचा थर असतो. बिंब पाण्याला टेकण्याआधीच फिकट होत विरून जातं. पावसाळ्यात सूर्य दिसेलच असं नाही, पण दिसला तर ढगांच्या कडा असे रंग घेतात की पुन्हा तसे मिळत नाहीत. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, हवा धुऊन निघालेली असते. तेव्हा बिंब पाण्यापर्यंत कोरीव राहतं. जवळ येता येता ते चपटं होतं, कारण क्षितिजाजवळची दाट हवा प्रकाशाला वाकवते आणि खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलून दाखवते. बिंब पाण्याला टेकलं असं आपल्याला दिसतं, त्या घडीला खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेलाच असतो. उरतो तो हवेने धरून ठेवलेला त्याचा उजेड. कोकणच्या अक्षांशावर सूर्याची वाट बरीच उभी असते, म्हणून टेकल्यापासून बुडेपर्यंत जेमतेम सव्वादोन मिनिटं लागतात.

आणि मग बहुतेक लोक उठतात. वाळू झटकतात, गाड्यांकडे वळतात. त्यांना हात धरून थांबवावंसं वाटतं, कारण पुढची वीस-पंचवीस मिनिटंच सगळ्यांत श्रीमंत असतात. पश्चिमेचा रंग आधी जरा उतरतो आणि ढग असतील तर पुन्हा भरून येतो. सूर्य खालून त्यांच्या पोटावर उजेड टाकत असतो. त्याच वेळी पूर्वेला, सह्याद्रीच्या अंगाला, निळसर करडा पट्टा वर चढतो आणि त्याच्या वरच्या काठाला गुलाबी झाक असते. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. आपण जिच्यावर उभे आहोत तिची सावली आकाशावर पडलेली पाहायची, तर त्यासाठी साधी मोकळी पुळण पुरते. तोवर वाडीत दिवेलागण झालेली असते. तुळशीपाशी निरांजन, ओटीवर शुभंकरोतीचे आवाज, चुलीचा धूर माडांखाली अडकलेला. तिन्हीसांज म्हणतात ती हीच.

किनाऱ्यावरच्या गावांची मांडणी पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. घरं समुद्राकडे धावत गेलेली नाहीत. ती वारा चुकवून, माडा-पोफळीच्या आडोशाला, पाखाडीच्या कडेने आत बसली आहेत. पश्चिमेकडची उघडी टोकं गावाने कुणा एकाला दिली नाहीत. ती देवाला दिली, किल्ल्याला दिली, दीपगृहाला दिली, होड्यांना दिली. रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर भगवतीचं देऊळही आहे आणि एका टोकाला दीपगृहही. जयगडला खाडीच्या मुखावर किल्ला आहे. कुणकेश्वरचं देऊळ थेट पुळणीवर आहे. सूर्यास्त पाहायला आज आपण ज्या जागी जातो, त्या जवळजवळ सगळ्या पिढ्यान् पिढ्या सामाईक राहिलेल्या जागा आहेत. म्हणून तर तिथे मुंबईचा पाहुणा, शेजारच्या वाडीतली आजी आणि रापण ओढून दमलेला माणूस एका ओळीत बसू शकतात.

आता सड्यांच्या कडेने कुंपणं येऊ लागली आहेत. समुद्र दिसणाऱ्या जमिनीला भाव आला आहे, आणि जिथे गुरं चरत आणि पोरं बोरं-करवंदं वेचत, तिथे फाटक लागतं. ज्याने पैसे मोजले त्याला खोलीच्या खिडकीतून मावळती मिळते. गावाला मिळते भिंत. हे मला अन्यायाचं वाटतं. गावाला पर्यटन हवं आहे आणि ते मिळावं. खानावळी चालाव्यात, घरगुती खोल्या भराव्यात, होडीवाल्यांना फेऱ्या मिळाव्यात. पण टोकापर्यंतची पायवाट ग्रामसभेने नकाशावर नोंदवून मोकळी ठेवली पाहिजे, आणि पाहुण्याने ती वाट उघडी असलेलं गाव निवडून तिथे मुक्काम केला पाहिजे. आपला पैसा कुणाच्या हाती जातो, यावर पुढच्या पिढीला कुठे उभं राहता येईल हे ठरतं.

सूर्य तर जागा बदलतच असतो. जूनच्या अखेरीस सव्वासातच्या सुमारास तो पश्चिमेच्या बराच उत्तरेला मावळतो. डिसेंबरात दक्षिणेकडे सरकतो, आणि मालवणच्या किनाऱ्यावरून पाहिलं तर सिंधुदुर्गाच्या तटाकडे झुकलेला दिसतो. दोन टोकांमध्ये जवळपास पन्नास अंशांचं अंतर आहे. तेव्हा एकदा येऊन भागत नाही. आवडलेल्या गावी दुसऱ्या ऋतूत पुन्हा यावं, तीच पायवाट चढावी, आणि ती अजून उघडी आहे ना, हे आपल्या पायांनी पडताळून घ्यावं.