गाडीची घरघर

ईदसाठी पनवेलहून चिपळूणला निघालो होतो. मागे अम्मी आणि मुलं. महाड सोडल्यावर गाडीतून घरघर येऊ लागली. आम्ही गाण्यांचा आवाज वाढवला. अम्मी म्हणाली, "बेटा, आधी ते बंद कर. गाडी काय सांगते ते ऐक."

पोलादपूरला मिस्त्रीने पाहिलं. न्यूट्रलमध्ये घरघर चालूच. क्लच दाबला की बंद. म्हणजे गिअरबॉक्सचं बेअरिंग. क्लच दाबल्यावर आवाज आला असता, तर दोष क्लचच्या बेअरिंगचा. सील गळून गिअर ऑइल संपत आलं होतं, आणि पुढे कशेडी घाट.

दारातला तेलाचा डाग आम्ही महिनाभर पाहत होतो. आता जुम्म्याला निघताना गाडीखाली वाकून बघतो. क्लचवर पाय ठेवून चालवत नाही. अल्लाहचे शुक्र, घाटाआधीच थांबलो.