दिवाडीच्या बांधावर

परवा रविवारी बऱ्याच वर्षांनी दिवाडीला गेलो. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत स्कूटर चढवली, थोड्या वेळात मांडवी ओलांडून पलीकडे. सोबत पाच-सहा पर्यटक होते. उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी, बगळे, हिरवीगार खारफुटी. "किती शांत आहे ना इथं!" म्हणत एकीने फोटो काढायला सुरुवात केली. मी गप्प बसलो. जिथं ती कॅमेरा धरून होती तिथं लहानपणी मी भात बघितलंय.

दिवाडी माझं आजोळ. आमचं शेत खाजनातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची, बांध घालून नदीकडून मिळवलेली जमीन. मातीचा बांध आणि त्यात मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती आली की पाण्याच्याच दाबाने झडपा मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतलं पाणी बाहेर जातं. पाऊस जमिनीतलं मीठ धुतो, मग कोरगूट पेरायचं. ते भात थोडा खारटपणा सोसतं. शिवाय मानशीवर मासळी. हे शतकानुशतकं चाललं. बांध आधी गावकरीने सांभाळला, कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघटनांकडे आलं.

बांधावर मामाचे जुने शेजारी भेटले. आजोळचे सगळेच मामा, त्यामुळे हेही मामाच. शेताचं विचारलं तर म्हणाले, "बांद फुटलो की सगल्यांचें शेत वता." आणि माझ्याकडे बघत राहिले.

कारण मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी बांधाला भगदाड पडलं तेव्हा त्यांचा फोन आलेला. वर्गणी हवी होती, दोन दिवस माणसं हवी होती. आम्ही भावंडांनी एकमेकांना विचारलं, "आता कसतंय कोण तिथं?" आणि विषय संपला. आमचं पडीक पडलं ते पडलंच, पण आमच्यामागे ज्यांचं भात उभं होतं त्यांच्याही शेतात खारं पाणी शिरलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

सरकारला शिव्या घालणं सोपं आहे, मीही घालतो. मानशीच्या मासळीचा लिलाव होतो, आणि भातापेक्षा मासळीत पैसा जास्त दिसला की खारं पाणी आत घेतलं जातं, हेही खरं. पाणी साचलं की खारफुटी येते. ती तोडता येत नाही, आणि तोडूही नये. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूद आहे: विकासकामं नकोत, खारफुटी राखा, व्यवस्थापनाचा आराखडा करा. तरतूद चांगलीच आहे. पण मे महिन्यात पाऊस पडायच्या आधी बांधावर माती टाकायला कोण जाणार?

निघताना मामा म्हणाले, "अजून थोडा भाग वाचेल. मे मध्ये येशील?" मी "विचारून सांगतो" म्हटलं. फेरीबोटीत बसल्यावर माझीच लाज वाटली. विचारायचं कुणाला?

एक-चौदाच्या उताऱ्यावर आमची अकरा नावं आहेत. काल रात्री सगळ्यांचा ग्रुप केला. मेसेज तिघांनी वाचलाय. बाकीच्या आठांपैकी कुणी ही पोस्ट वाचत असेल तर कृपा करून फोन उचला.