कोरे, पण जुने

मराठीत जुन्या वस्त्राला नावांची वाण नाही. नेसून नेसून मऊ पडलेले लुगडे ते जुनेर. धुऊन धुऊन विरलेले ते जीर्ण. सणासुदीला बाहेर काढायचे आणि एरवी घडीत राहू द्यायचे ते ठेवणीतले. परंतु जे कापड दुकानातून आणले, पेटीत ठेवले आणि ज्याला पन्नास-साठ वर्षांत कातर लागली नाही, त्याला काय म्हणावे? ते जुने आहे आणि तरीही कोरे आहे. आपल्या आजीबाईंना त्यासाठी वेगळा शब्द लागला नाही, कारण कापड आणायचे ते शिवण्यासाठी, हे त्यांच्या मनात पक्के होते. आता बाजाराने एक शब्द आणला आहे : ‘विंटेज’. ज्या कापडाला तो लागतो त्याचा भाव चढतो. ज्याला लागत नाही ते चिंध्यांच्या गाठोड्यात जाते. वाचकहो, आपल्याही घरी अशी एखादी पेटी असेल. म्हणून हा शब्द कोणत्या कापडाला लावावा आणि तो लावल्याने आपले काय साधते, ह्याचा विचार आपल्यापुढे मांडीत आहे.

आमच्या घरी हा प्रश्न भिलाईला उभा राहिला. धाकटा भाऊ पोलाद कारखान्यातून निवृत्त झाला आणि क्वार्टर सोडण्याची वेळ आली. भिलाईतल्या पुष्कळ मराठी कुटुंबांसारखे आमचे कुटुंबही नागपूरकडून तेथे गेलेले. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ ह्यांच्यात ह्या कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूरच होती. पुढच्याच वर्षी राज्यांची फेररचना झाली आणि मधे सीमा आली. रेल्वेची वाट मात्र तीच राहिली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्यानंतर थोड्याच काळाने वडील तेथे रुजू झाले. मागाहून आई गेली, ती एक शिवणयंत्र आणि एक लोखंडी ट्रंक घेऊन. शेजारी तेलुगू, बंगाली, पंजाबी, मल्याळी. भाषा जुळायला वेळ लागला, पण झबली-टोपडी शिवण्यात आईची सर्वांशी ओळख झाली.

आई गेल्यानंतर ती ट्रंक कोणी नीट उघडली नव्हती. आता उघडली, तेव्हा तळाशी चार तुकडे निघाले : निळ्या ठिपक्यांचे पॉपलीन, बदामी रंगाचे टेरीकॉट, लहान लाल फुलांचे एक पातळ छीट आणि कोशाचा एक तुकडा. भाची म्हणाली, “आत्या, हे सगळे विंटेज आहे. ह्याला कातर लावू नकोस.” तिच्या ओळखीच्या एका दुकानदार बाईंनी चारही तुकड्यांची मिळून जी किंमत सांगितली, तीत सामान हलवण्याचा सगळा खर्च भागला असता. भावजयीचे म्हणणे, नव्या घराच्या दोन खोल्यांत ट्रंकेला जागा कोठली? भाऊ एवढेच म्हणाला, “ताई, आईने हे शिवायला आणले होते.” शिवण मी आईच्या हाताखाली शिकले, म्हणून निर्णय माझ्यावर आला.

प्रथम त्या शब्दाचाच विचार करू. ‘विंटेज’ हा शब्द मूळचा द्राक्षांच्या मळ्यातला. अमुक एका सालच्या द्राक्षांच्या तोडणीला आणि त्या सालच्या मद्याला तो लावीत. तेथून तो मोटारींकडे आला; इंग्लंडमधले शौकीन १९१९ ते १९३० ह्या काळातल्या मोटारींनाच विंटेज म्हणतात. आपल्या देशात २०२१ सालच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली मोटार किंवा दुचाकी विंटेज ठरते. पुरातन वस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे. त्यात सर्वसाधारण वस्तूला शंभर वर्षांची आणि हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची मर्यादा घातली आहे. कापडाच्या विंटेजपणाला असा नियम नाही. व्यापारी बहुधा वीस वर्षे ओलांडली की हा शब्द वापरू लागतात. त्या हिशेबाने २००० साली घेतलेला पडदाही विंटेज ठरेल! तेव्हा नुसती वर्षे मोजून भागत नाही. मूळ अर्थाकडे पाहिले, तर हा शब्द “किती जुने?” असे विचारीत नाही, “कोणत्या सालचे?” असे विचारतो. माझ्या मते घरातल्या कापडालाही हाच प्रश्न घालावा. ज्याचे साल सांगता येते ते विंटेज. ज्याचे सांगता येत नाही ते फक्त जुने. आणि जुने असणे हा काही कमीपणा नव्हे.

साल कापडालाच विचारावे लागते. पहिली साक्ष काठाची. गिरणीच्या कापडावर काठाशी गिरणीचे नाव, कापडाचा प्रकार आणि पुष्कळदा किंमत छापलेली असे. आपल्याकडे मेट्रिक मापे ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. म्हणून छापात वाराचा भाव असेल तर कापड बहुधा त्याच्या आधीचे किंवा त्या संक्रमणाच्या काळातले, आणि मीटरचा असेल तर नंतरचे. मात्र हे छापापुरतेच खरे. बोलण्यात शिंपी आणि गिऱ्हाईक पुढे कित्येक वर्षे वारच म्हणत राहिले. दुसरी साक्ष पन्ह्याची. छत्तीस इंची पन्हा पूर्वी सर्रास असे; पुढे चव्वेचाळीस-पंचेचाळीस इंची आणि त्याहून मोठे पन्हे रूढ झाले. काठाची वीणही पाहावी. धोट्याच्या मागावर बाणा काठाशी वळून परत येतो, म्हणून काठ बंद असतो. बिनधोट्याच्या मागावर तो कापला जातो आणि काठाला झालर राहते. तथापि धोट्याचे माग आजही चालतात, तेव्हा एकट्या बंद काठावर विसंबू नये.

तिसरी साक्ष धाग्याची. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरावा आणि जपून जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ करडी राख सोडतो. रेशमाला व कोशाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून आकसते आणि त्याचा टणक मणी होतो. पॉलिएस्टरच्या ह्या धाग्याचा शोध इंग्लंडात १९४१ साली लागला. आपल्याकडे साठीच्या दशकाच्या मध्यावर ठाण्यात त्याचे उत्पादन ‘टेरीन’ ह्या नावाने सुरू झाले.

ह्या कसोट्या लावून चारही तुकडे पाहिले. बदामी टेरीकॉट आईच्या लग्नातल्या आहेराचे, असे काकू वर्षानुवर्षे सांगत. आईचे लग्न १९५७ सालचे. धागा जाळला तर मणी झाला; काठावर ‘टेरीन’ हे नाव स्पष्ट होते. तेव्हा आहेराची कथा गळून पडली. कापड उत्तम आहे, भक्कम आहे. पण त्याला साल नाही, आणि जे होते ते त्याचे नव्हे.

कोशावर छाप नव्हता. चांपा आणि कोरबा ह्या भागांत कोसा आजही विणला जातो. हा तुकडा तीस वर्षांपूर्वीचा की साठ, हे सांगायला कापडात काही नव्हते आणि घरात कोणाला आठवत नव्हते.

लाल फुलांच्या छिटाच्या टोकाला रशियन अक्षरांतला शिक्का होता. सुरुवातीच्या वर्षांत कारखान्यातले रशियन तज्ज्ञ सहकुटुंब भिलाईत राहत. त्यांपैकी एका बाईंनी मायदेशी परतताना हा तुकडा आईला दिला, हे आई आम्हांला सांगे. ते वर्ष भावाच्या जन्माचे, १९६४. गंमत अशी की, अशा कापडाला रशियन भाषेत जो ‘सीतेत्स’ शब्द आहे, तो आपल्या ‘छीट’ शब्दापासूनच डच व्यापाऱ्यांमार्फत तिकडे पोचला, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. इकडून गेलेला शब्द कापड होऊन भिलाईच्या क्वार्टरमध्ये परत आला होता!

राहिले पॉपलीन. काठावर मुंबईच्या एका गिरणीचे नाव आणि मीटरचा भाव. पन्हा छत्तीस इंची. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यानंतर कित्येक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल आणि भिलाईच्या वाटेवरची राजनांदगावची बंगाल नागपूर कॉटन मिल, ह्याही आज बंद आहेत. म्हणजे पॉपलीन साठीच्या प्रारंभापासून ब्याऐंशीपर्यंतच्या वीस वर्षांतले, इतके काठाने सांगितले. पुढचे आईच्या हिशेबाच्या वहीने सांगितले. ऑक्टोबर १९६८ च्या पानावर तिच्या अक्षरात नोंद आहे : ‘निळे पॉपलीन, दोन मीटर, ताईचा फ्रॉक.’ खाली त्याच महिन्यात औषधांच्या चार नोंदी आहेत. त्या दिवाळीला वडील आजारी होते. फ्रॉक राहिला. पुढे मी वाढले आणि दोन मीटर मला पुरेनासे झाले.

वाचकहो, येथे माझी खरी अडचण सुरू झाली. चौघांत सर्वांत नेमके साल ह्याच कापडाला होते, म्हणून विंटेज हा शब्द ह्यालाच सर्वांत शोभला असता. विक्रीला तेच उत्तम. जपून ठेवायलाही तेच उत्तम. पण वहीतल्या त्या ओळीत साल आहे तसे कापड कशासाठी घेतले हेही आहे. त्यातले एक मानायचे आणि दुसरे सोडायचे, हे मला पटेना. कापडाचे साल कळल्याने आपल्या हाती काय आहे ते कळते. त्याला कातर लावावी की नाही, हे साल सांगत नाही. ते कापडाचे बळ आणि घराची गरज पाहून ठरवावे लागते.

बळाची परीक्षा सोपी आहे. कापड उजेडासमोर धरून घड्यांच्या रेषा पाहाव्यात. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले कापड प्रथम तेथेच विरते. कडेजवळ दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणावे. ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा चोळून रंग जातो का ते पाहावे. मग थंड पाण्यात भिजवून, न पिळता, सावलीत वाळवावे. आमचे छीट घडीवर जाळीसारखे झाले होते आणि त्यावर ट्रंकेच्या गंजाचे डाग होते. सुईचा टाका त्याने सोसला नसता. पॉपलीन मात्र काल आणल्यासारखे घट्ट निघाले.

मग ठरले ते असे. टेरीकॉट भाचीला दिले. ते तिने विकावे किंवा वापरावे, मात्र आहेराची कथा सांगून विकू नये. कोशाचा भावजयीने पोलका शिवून घेतला. छीट धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवले आहे. वर्तमानपत्राचा कागद नाही, प्लास्टिकची पिशवी नाही, डांबराच्या गोळ्या कापडाला न लागता पुरचुंडीत. दर वर्षी पावसाळा संपला की त्याची घडी बदलायची. आणि पॉपलीनचा फ्रॉक मी शिवला. भाचीची मुलगी पहिलीत आहे. तिच्या अंगाला दीड मीटर पुरले. बेतताना छापाचा काठ आतल्या शिवणीत येईल असा धरला, त्यामुळे गिरणीचे नाव फ्रॉक उलटा केला की वाचता येते. उरलेला अर्धा मीटर वहीच्या त्या पानाशी ठेवला आहे. भाची प्रथम हळहळली. पण मुलीने फ्रॉक घातल्यावर तिने तो काठ स्वतः उलटून शेजारणीला वाचून दाखवला.

आपल्या पेटीतल्या कापडाचे काय करावे, हे मी सांगू शकत नाही. प्रत्येक घराची गरज वेगळी. एवढेच सुचवते की, विकण्यापूर्वी, कापण्यापूर्वी किंवा पुन्हा झाकण लावण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याला कागदाची एक चिठ्ठी टाचावी : कोठले, कोणत्या सालचे, कोणी आणले, कोणासाठी. गंज धरणारी टाचणी वापरू नये. दोऱ्याचा एक टाका पुरे. आणि हे काम घरातल्या वडीलधाऱ्या बायका पुढ्यात बसलेल्या असतानाच करावे. काठ आणि धागा पुष्कळ सांगतात. पण रशियन बाई कोण होती आणि फ्रॉक का राहिला, हे कापडाला ठाऊक नसते.