पुट अप

इंग्रजींतल्या भारदस्त क्रियापदांचें मला भय वाटत नाहीं. धास्ती वाटते ती चिमुकल्यांची. ‘पुट’ म्हणजे ठेवणें व ‘अप’ म्हणजे वर, हें शाळकरी पोरहि सांगेल; पण दोघांची गांठ पडली कीं अर्थ कोठें जाऊन बसेल याचा नेम नाहीं. ‘पुट अप’ म्हणजे तंबू उभारणें, भाव चढविणें, निवडणुकीस उमेदवार उभा करणें, आणि पाहुण्याला रात्रीपुरता आसरा देणेंहि! वर ‘विथ’चें शेपूट लावलें कीं झालें सोसणें. पाहुणा ठेवून घेणें आणि पाहुणा सोसणें यांत इंग्रजानें एका शब्दयोगी अव्ययाचेंच अंतर राखलें, यामागें त्याच्या गृहिणीचा अनुभव असावा असा मला दाट संशय आहे.

अव्ययानें वाक्य संपवूं नये असा दंडक घालणाऱ्या पंतोजींची फजिती करण्यासाठीं कोणीं तरी याच क्रियापदाचे तुकडे करून तें उलटें टांगून दाखविलें. ती कोटी चर्चिलच्या नांवावर खपते. ती त्याचीच असल्याचा भरवंशाचा पुरावा मात्र नाहीं.

पण माझें मन गुंततें तें मुक्कामाच्या अर्थापाशीं. विलायतेंत हा शब्द चार दिवसांच्या उतरण्यालाच शोभतो. आपल्याकडे मात्र ज्याचें बिऱ्हाड वर्षानुवर्षें एकाच जागीं आहे त्यालाहि ‘व्हेअर आर यू पुट अप?’ असें खुशाल विचारतात. शुद्धिवादी नाक मुरडतात. मला ती चूक फार शहाणी वाटते.

माझे काका 1951 पासून गिरगांवांतील चाळीच्या एका खोलींत राहिले. तरी शिमग्याला नि गणपतीला ट्रंक उचलतांना ते “घरीं जातों” म्हणत. घर म्हणजे कोंकणांतलें. मुंबईच्या पगारांतून दर पावसाळ्यापूर्वीं शाकारलें जाणारें. मुंबईला ते नुसते ‘असत’. कचेरींत वरिष्ठांनीं तो इंग्रजी प्रश्न विचारला, तर व्याकरण चुकलें तरी काकांपुरता तो अगदीं बिनचूक होता.

काकूचें काय, हें कोणीं विचारलें नव्हतें. पहाटे नळावर रांग धरणें, चार मुलांचीं आजारपणें, दिवाळीचा फराळ, सारें तिनें त्याच दहा बाय बाराच्या खोलींत निभावलें. 1983 सालीं काका निवृत्त झाले आणि “आतां कायमचें घरीं जाऊं,” म्हणाले. काकू तांदूळ निवडीत होती. मान वर न करतां ती म्हणाली, “तुम्ही खुशाल जा. तुम्ही येथें उतरलां होतां. संसार मीं केला.”

ट्रंक परत माळ्यावर गेली.