‘ब्रह्मदेश’ म्हणण्याचा हट्ट

वाशीमच्या बाजार समितीत तुरीच्या भावाची चर्चा निघाली की ‘लेमन’ हा शब्द येतोच. ब्रह्मदेशातून येणाऱ्या तुरीला व्यापारात हे नाव आहे. ती बंदरावर उतरली की आपला भाव दबतो, ही इथल्या शेतकऱ्याची जुनी तक्रार. आम्ही साहित्य शिकविणारे. पण घरची तूर विकणारेही. त्यामुळे त्या देशातून परागंदा झालेल्या विद्यार्थ्यांची कहाणी आम्हांला केवळ परक्यांची वाटत नाही.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी लष्करशाहीविरुद्ध उठाव केला. १८ सप्टेंबरला लष्कराने सत्ता पुन्हा थेट हाती घेतली आणि हजारो मुले सरहद्दीकडे पळाली. काही मणिपूर-मिझोराममार्गे भारतात आली. जॉर्ज फर्नांडिस यांच्या दिल्लीतील घरात त्यांतल्या काहींना आसरा मिळाला. १९८९ मध्ये लष्कराने ‘बर्मा’चे ‘म्यानमार’ केले. संयुक्त राष्ट्रांनी ते नाव स्वीकारले, या मुलांनी नाकारले. वस्तुतः दोन्ही नावे एकाच मुळाची रूपे. वाद व्युत्पत्तीचा नव्हताच. लोकांना न विचारता त्यांच्या देशाचे नाव बदलणाऱ्यांना जगाने मान का डोलवावी, एवढाच प्रश्न होता. १९९० च्या निवडणुकीत ४८५ पैकी ३९२ जागा विरोधी पक्षाने जिंकल्या, तरी सत्ता लष्कराकडेच राहिली. त्याच नोव्हेंबरात दोन विद्यार्थ्यांनी खोट्या बॉम्बच्या धाकाने विमान कलकत्त्याला आणले. तो मार्ग समर्थनीय नव्हे. परंतु त्यांतला एक, सो म्यिंत, पुढे पत्रकार झाला आणि १९९८ मध्ये दिल्लीत त्याने ‘मिझिमा’ ही वृत्तसंस्था सुरू केली. विमानाची जागा बातमीने घेतली.

दरम्यान आपल्या सरकारचे धोरण पालटत होते. आँग सान सू ची यांना १९९३ सालचा नेहरू पुरस्कार देणाऱ्या देशानेच २००४ च्या ऑक्टोबरात लष्करशहा थान श्वे यांचे स्वागत केले; परागंदा मंडळी निषेधाला उभी राहिली. २००७ च्या सप्टेंबरात तिकडे भिक्षू रस्त्यावर उतरले असताना आपले पेट्रोलियममंत्री मुरली देवरा वायूसाठीच्या करारांच्या निमित्ताने तिथे गेले होते. १ फेब्रुवारी २०२१ ला पुन्हा लष्करी उठाव झाला. पाच महिनेही उलटले नाहीत तोच, जूनमध्ये, दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर आणण्याचा पाच वर्षांचा करार झाला.

हुकूमशाहीला मान्यता अशी मिळते. तिच्यासाठी कुणाला हुकूमशाहीचे गोडवे गावे लागत नाहीत. वायू लागतो, डाळ लागते, समोर सही करणारा कुणीतरी लागतो. शहरात डाळ स्वस्त हवी, ही गरज खोटी नाही. पण त्या सहीच्या एका बाजूला आमचा तूरउत्पादक आहे आणि दुसऱ्या बाजूला तो विद्यार्थी. दोघांनाही कुणी विचारलेले नाही. बाजार समितीत आम्ही भावाविषयी बोलतो, विद्यार्थी हक्काविषयी बोलतो. ही दोन वाक्ये एकत्र वाचायला हवीत, असे आम्हांला वाटते.

निषेधाने करार थांबले नाहीत, हे खरे. ज्यांच्यासाठी घोषणा दिल्या त्या सू ची यांनीच २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात रोहिंग्यांच्या प्रकरणी आपल्या देशाचा, पर्यायाने लष्कराचा, बचाव केला, हेही खरे. म्हणूनच हा निषेध एका व्यक्तीच्या भक्तीवर तोलू नये. चालू आहे ते रीतसर आहे, असे म्हणू न देणे हेच त्याचे काम.

परागंदा होणे काय असते, हे मराठीला सांगावे लागू नये. राजा थिबा रत्नागिरीत बंदिवासात असतानाच टिळक मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहीत होते. मराठीजवळ ‘ब्रह्मदेश’ हा शब्द लष्कराच्या फर्मानाच्या कितीतरी आधीपासून आहे. वर्गात आम्ही तोच वापरतो. कुणी ‘म्यानमार’ म्हटले तर खोडून काढत नाही. हे नाव कुणी, केव्हा आणि कुणाला न विचारता दिले, तेवढे मात्र सांगतो.