शेवटची लघवी कधी झाली?

उज्जैनचा सिंहस्थ भर उन्हाळ्यात येतो. २०१६ मध्ये तो २२ एप्रिलला सुरू झाला आणि २१ मे रोजी, वैशाख पौर्णिमेला संपला. पुढचा २०२८ मध्ये. राम घाटावरच्या अशा गर्दीत जुलाबांनी गळालेलं मूल आईच्या खांद्यावर पडून असतं. ते दमून झोपलंय, असं तिला वाटतं. लहान मुलांच्या आयसीयूतला डॉक्टर नाडी बघता बघता विचारतो, ‘‘शेवटची लघवी कधी झाली?’’

‘‘काल रात्री’’ हे उत्तर आलं की धावपळ सुरू होते. शरीरातलं पाणी आटलं, की मूत्रपिंडाला पुरेसं रक्त मिळत नाही. सलाइन चढवल्यावर दहा किलोच्या मुलाला तासाला दोन चमचे लघवी झाली, तरी जीव भांड्यात पडतो. जुलाबावाटे पोटॅशियम गेलेलं असतं, पण लघवी सुरू होईपर्यंत ते सलाइनमध्ये सहसा घालत नाहीत. मूत्रपिंड बंद असेल तर ते रक्तात साठतं आणि हृदय थांबवू शकतं. वाढलेलं सोडियमही हळूहळूच उतरवावं लागतं. घाई केली तर मेंदूला सूज येते. एकाच रात्री धावायचं आणि थांबायचंही, हे या कामातलं सर्वांत अवघड कसब.

पण तेच उत्तर कधी दुसरंच काही सांगतं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्याच छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-तापाच्या मुलांची लघवी बंद झाली. अनेकांना नागपूरला हलवलं. वीसहून अधिक मुलं दगावली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं, मर्यादा ०.१ टक्के. इथे मूत्रपिंड तहानलेलं नसतं, विषाने जळालेलं असतं. सलाइन ओतत राहिलं तर पाणी फुप्फुसांत भरतं. ईसीजीत पोटॅशियमची उंच टोकं दिसली, की कॅल्शियम हृदयाला थोडा वेळ सावरतं. इन्सुलिन आणि ग्लुकोज पोटॅशियमला पेशींत ढकलतात. ते शरीराबाहेर काढायला मात्र डायलिसिसच लागतं.

याच विषाने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण गेले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला, अहवाल आला. तरीही चार दशकांनी तेच विष मुलांच्या औषधात मिळावं, याचा संताप यायलाच हवा.

म्हणून जुलाब नसताना लघवी थांबलेली असेल, तर डॉक्टरने लगेच दुसरा प्रश्न विचारावा: कोणतं औषध दिलं होतं? घरी कुणाला तरी पाठवून बाटली मागवावी, रिकामी असली तरी. तिच्यावरचा बॅच नंबर औषध निरीक्षकाला त्याच दिवशी कळवावा. त्याच बॅचच्या बाटल्या अजून दुसऱ्या घरांत उघडल्या जात असतात.